जिवंत माणसाचं सुतक

माझ्या बायकोला माझ्या फोनचा पासवर्ड माहीत आहे, पगार माहीत आहे, लग्नाआधी मला कोण आवडायची तेही माहीत आहे. हे मात्र तिला माहीत नाही. वडिलांना नाही. ज्या एका माणसाला माहीत होतं ते माणूस गेल्या वर्षी गेलं — आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही, मलाही पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही. तेच बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर माझ्या तोंडाला कुलूप लागतं, हे आता सगळं आयुष्य बघून मला कळलेलं आहे.

सुरुवात कुठून करू? फुटबॉलपासून केली तर तुम्हाला वाटेल, हा पोरखेळ आहे. आणि होताच तो पोरखेळ. अकरावीतल्या पोराने फुटबॉल खेळावा की कराटे चालू ठेवावं — यात रडण्यासारखं काय असतं? घरोघरी असले प्रश्न येतात आणि जेवणाच्या ताटावर मिटतात. आमच्याकडे मिटला नाही. का मिटला नाही, तेच सांगायचंय.

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, खानदेशातले. वडील ऐन तारुण्यात सुरतला आले आणि डाइंग मिलमध्ये लागले. बमरोलीत एक खोली, पुढे ओटा. गल्लीत निम्मी घरं आमच्याकडचीच, त्यामुळे घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत गुजराती अशी आमची जीभ दिवसभर कपडे बदलायची. वडिलांची पाळी बारा तासांची. घर म्हणजे आई. मी एकुलता एक आणि — आता लाज वाटत नाही सांगायला — भित्रा. मोठ्या रस्त्यावरची पोरं माझी टोपी काढून घ्यायची आणि मी ती परत मागायचोही नाही. घरी येऊन सांगायचो, हरवली.

तेव्हा आईने मला हाताला धरून सुनील सरांकडे नेलं. सर आमच्याच तालुक्यातले, दुसऱ्या गावचे. ते मिलमध्ये काम करायचे आणि संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात कराटे शिकवायचे. आधी मारुतीला नमस्कार, मग सरांना, मग एकमेकांना, आणि नंतर मारामारी. वडील म्हणाले होते, हातपाय मोडून घेईल. आई हटली नाही. तिने मिलमधून आणलेल्या ग्रे कापडाचा, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचा, माझा कराटेचा ड्रेस स्वतः शिवला. बाकीच्यांचे ड्रेस पांढरेशुभ्र आणि माझा ताकासारखा. मी कुरकुर केली तर म्हणायची, धुऊन धुऊन होईल. तो शेवटपर्यंत झाला नाही, पण त्या ड्रेसात मी टोपी परत मागायला शिकलो.

हे लक्षात ठेवा, की मला कराटेला घालणारी आई होती. पुढे मी जे बोललो ते किती उलटं होतं, ते त्याशिवाय कळणार नाही.

अकरावीत येईपर्यंत माझा ब्राउन बेल्ट झाला होता. दिवाळीच्या सुट्टीत ब्लॅक बेल्टची परीक्षा. आमच्या गल्लीतून तिथवर कुणी पोचलं नव्हतं. सर लहान पोरांची रांग माझ्याकडे सोपवायला लागले होते. आईने तर गल्लीभर सांगून ठेवलेलं. सर्वांत आधी सांगितलं होतं संगीताकाकूंना — सरांच्या बायकोला. आईची सुरतेत एकच मैत्रीण, ती ही. दोघी मिळून साड्यांना टिकल्या लावायच्या, दोघी मिळून श्रावणात कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणायच्या. आईचा आवाज जाडाभरडा आणि काकूंचा गोड, त्यामुळे काकू म्हणायच्या, तू आधी म्हण, मी मागून सावरते.

आणि त्याच वर्षी शाळेत पटेल सर आले, खेळाचे शिक्षक. मैदानावरून जाता जाता माझ्यापाशी घरंगळत आलेला फुटबॉल मी परत लाथाडला, तो सरळ दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर जाऊन आदळला. सर चालत आले, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "तारा पगमां दम छे." तुझ्या पायात दम आहे. शाळेत माझं कौतुक झाल्याची ही पहिलीच वेळ असावी.

मी खेळायला लागलो. सुरुवातीला जमेना. कराटेत लाथ समोरच्याला लागायच्या आधी थांबवायची असते, तीच खरी शिस्त. फुटबॉलमध्ये पाय लागून पुढे जायला हवा. माझा पाय ऐन वेळी अडायचा आणि चेंडू बिचारा दोन पावलं जाऊन बसायचा. पोरं हसायची. मग पाय सुटायला लागला — आणि तिकडे मंदिरात सराव करताना थांबेना. एका पोराच्या बरगडीत बसली माझी लाथ. सुनील सरांनी त्या पोराला बाजूला बसवलं आणि माझ्या पायाकडे बघितलं.

आणखी एक गोष्ट होती. वर्गात दोन वर्षं मला "ए मराठी" म्हणायचे. मैदानावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लांबून ओरडलं, "योगेश, आप ने!" — दे ना! नुसतं नाव. तुम्हाला काय वाटेल कोण जाणे, पण त्या नावासाठी मी रोज तिथे जायला तयार होतो.

अडचण एवढीच, की दोन्हींची वेळ एक. संध्याकाळ. काही दिवस मी इकडून अर्धा तास, तिकडून अर्धा तास चोरला. मग आंतरशालेय स्पर्धा जवळ आली आणि पटेल सर म्हणाले, पुढचे दहा दिवस रोज यायचं, येणार असशील तर काले जवाब आप, उद्या सांग. सुनील सरांनाही कुठून तरी कळलं होतं. त्यांनी मला मंदिराच्या पायऱ्यांवर बसवलं आणि जे सांगितलं ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. म्हणाले, "फुटबॉल खेळायचा तर खेळ. परीक्षा पुढच्या वर्षी देशील, पळून जात नाही ती. पण जे काय ठरवशील ते माझ्यासमोर येऊन, तुझ्या तोंडाने सांग."

बघा, कुणीही मला कोंडीत पकडलं नव्हतं. दोन भली माणसं, दोन सरळ प्रश्न. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी ते शाळेतून घरी येईपर्यंत घोकलं. सर, मी हे दहा दिवस फुटबॉल खेळतो. इतकंच. मग का नाही बोललो? मला वाटतं, मला दोघांचाही लाडका राहायचं होतं. सरांच्या चेहऱ्यावर एक क्षणभर जे दिसलं असतं — रागही नाही, नुसतं जरासं उतरलेलं तोंड — तेवढं बघायची माझी तयारी नव्हती. त्यासाठी मी काय केलं ते ऐका.

आमच्यात भाऊबंदकीतलं कुणी गेलं की दहा दिवस सुतक. सुतकात मंदिराची पायरी चढायची नाही. आणि आमचा क्लास मंदिरात. माझ्या डोक्यात हे दोन धागे जुळले आणि मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. आजारपण सांगितलं असतं तर सर बघायला आले असते. सुतक म्हटलं की प्रश्नच मिटला, दहा दिवस कुणी बोलावणारही नाही.

आता सुतकाला माणूस मरायला हवा. मी निवडले मोठे बाबा.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे काका. वडिलांचे वडील लवकर गेले, त्यांना वाढवलं मोठ्या बाबांनी. आईला सून म्हणून पसंत केलं तेही त्यांनीच. ती सांगायची, बघायला आले तेव्हा सगळ्यांनी तिला काहीबाही विचारलं, आणि या माणसाने एकच विचारलं, पोरी, तू जेवलीस का? दर दिवाळीला ती त्यांच्यासाठी सुरतेहून धोतरजोडी पाठवायची. ते म्हातारे होते, खोकायचे, लांब होते. मारायला सोपे होते. इतका सरळ हिशेब केला मी.

मंदिराच्या पायरीखाली उभं राहून सरांना म्हणालो, सर, आमच्याकडे सुतक आहे, मोठे बाबा गेले. सरांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि सुतक आठवून मागे घेतला. म्हणाले, "जा, आईजवळ थांब." मी आईजवळ थांबलो नाही. मैदानावर गेलो, आणि त्या दिवशी फार छान खेळलो.

एक गोष्ट मी विसरलो होतो — आणि आमच्यातलं शेंबडं पोरही ती विसरणार नाही. आमच्याकडे कुणी गेलं की लोक दारावर येतात. म्हणजे भेटायला, रडायला, बसायला. दारावर न जाणं म्हणजे संबंध तोडणं. सुतक सांगून मी दहा दिवसांची सुट्टी घेतली होती की अख्ख्या गल्लीला घरी बोलावणं धाडलं होतं?

दुसऱ्या दिवशी संगीताकाकू आल्या. मी तेव्हा घरी नव्हतो, हे सगळं मला नंतर आईकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्याने. आई ओट्यावर बसून टिकल्या लावत होती. काकू डोक्यावर पदर घेऊन गल्लीच्या तोंडापासूनच रडत आल्या, जशा बायका येतात. आईच्या गळ्यात पडल्या. आईला कळेना, कोण गेलं? मग काकू म्हणाल्या, योगेशने सांगितलं सरांना, मोठे बाबा गेले म्हणून.

त्या क्षणी आईच्या मनात काय काय झालं असेल, याचा मी इतक्या वर्षांत पुष्कळ विचार केला आहे. माझे चिखलाचे पाय ती रोज बघत होती. मोठे बाबा जाते तर आधी फोन तिलाच आला असता. तिला सगळं कळलं असणार, एका दमात. ती म्हणू शकली असती, अगं, पोरगं खोटं बोललं. दोघी हसल्या असत्या, मला चार रट्टे बसले असते, संपलं असतं.

तिने पदर डोक्यावर ओढला आणि रडली. मला वाचवायला.

मी घरी आलो तेव्हा ती चुलीपाशी होती. तिने एकच विचारलं, "सरले सोता काबरं नही सांगं रे?" सरांना स्वतः का नाही सांगितलंस. मी खाली वाकून पायांवरचा चिखल खरवडत राहिलो. तिने पुन्हा विचारलं नाही. म्हणाली, आता दहा दिवस गल्लीत फार फिरू नको. वडिलांना यातलं काही सांगू नको. आणि देवाजवळ दिवा लावला नाही. मी म्हटलं, आई, खरं थोडंच आहे? तर म्हणाली, मी रडले ना, मग आता कसा लावू? शनिवारी तिने उपास धरला. वडिलांना सांगितलं मारुतीचा. तो होता मोठ्या बाबांच्या जिवाला काही होऊ नये म्हणून.

काकू रोज संध्याकाळी डबा आणायच्या. दुखवट्याच्या घरी शेजारपाजारच्यांनी जेवण द्यायचं असतं. पिठलं, भाकरी, कधी डाळ-बट्टी. वडील पाळीवरून यायच्या आत आई तो डबा माझ्यापुढे ठेवायची आणि स्वतः त्याला हात लावायची नाही. मी जेवायचो. फुटबॉल खेळून आलेल्या पोराला किती भूक लागते, तुम्हाला माहीत असेल. भाकरी चांगली असायची, हेही मला आठवतं — आणि ते आठवतं याचाही मला राग येतो.

मग ते झालं. लांबवतोय मी, कळतंय मला.

वडील पाळी संपवून येत होते. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी सुनील सर भेटले. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, भाऊ, मोठ्या बाबांचं ऐकलं, वाईट झालं. वडिलांच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या माणसाने वाढवलं तो गेला आणि मला कुणी कळवलं नाही? तिथेच उभ्या उभ्या त्यांनी गावी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "मीच बोली ऱ्हायनू रे. काय व्हयनं?" मोठ्या बाबांनीच फोन उचलला होता. काय झालं म्हणून तेच विचारत होते. आणि वडील रडत रडत बोलून बसले, की इथे सुरतेत तुमचं सुतक चाललंय.

वडील आणि सर घरी आले तेव्हा काकू डबा घेऊन आलेल्याच होत्या. खोली आमची केवढीशी. आई चुलीपाशी, काकू दाराशी, सर उंबऱ्यात, वडील मधोमध. मी नुकताच पाय धुऊन आत आलो होतो. वडिलांनी आवाज चढवला नाही. ते थकलेले होते. म्हणाले, हे काय चाललंय या घरात?

काकू आईकडे बघत होत्या, कारण रडली होती आई. मग सर माझ्याकडे वळले. "घाबरू नको. खरं सांग. मोठे बाबा गेले असं तुला कुणी सांगितलं?"

पुन्हा तेच. पुन्हा त्यांनी मला एक वाक्य बोलायची संधी दिली होती, आणि मी पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काही इशारा नव्हता. ती वाट बघत होती, इतकंच. मला वाटतं, तिला खात्री होती की मी सांगेन.

मी म्हणालो, आईने.

एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित ते निभावलं असतं. मी थांबलो नाही. एकदा तोंड सुटलं की भित्र्या माणसाला फार बोलता येतं. म्हणालो, आईला मी कराटे केलेलं नको होतं. आईच म्हणाली, सरांना सुतक सांग म्हणजे क्लास बंद होईल. नाव पण तिनेच सांगितलं.

जिने ड्रेस शिवला. जिने हाताला धरून नेलं. — मी हे वाक्य आजवर मनातसुद्धा पूर्ण म्हटलेलं नाही.

वडील आईकडे वळले. खरं आहे का हे? आई म्हणाली, "हां. मीच सांगं व्हतं."

बस. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, नाहीतर कुणाला संशय आला असता. काकूंनी आणलेला डबा तिथेच फळीवर होता. त्यांनी तो उचलला, भरलेलाच, आणि निघून गेल्या. सर जाताना माझ्यापाशी थांबले. या वेळी त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझा काही दोष नाही बेटा. तुला वाटेल तेव्हा ये क्लासला."

मी कसा जाणार होतो? गेलो नाही. फुटबॉलचं म्हणाल तर आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, मी अर्धा वेळ बाहेर बसून होतो. दिवाळीनंतर पटेल सरांची बदली झाली आणि टीमही मोडली. दोन डगरींवर पाय ठेवून उभा होतो, दोन्हीकडून पडलो. पण ते माझं. पोरगा कशालाच धड चिकटत नाही, एवढं ऐकून घेतलं की माझी सुटका व्हायची. आईची झाली नाही.

वडील पहिल्या सुट्टीला गावी जाऊन मोठ्या बाबांच्या पाया पडून आले. म्हाताऱ्याने त्यांना जेवू घातलं, आणि आईचं नाव काढलं नाही. त्या दिवाळीला पाठवलेलं धोतर परत आलं. आईने ते घडीसुद्धा न उलगडता पेटीत ठेवलं. पुढे चारेक वर्षांनी मोठे बाबा खरंच गेले. वडील एकटे गेले. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी, सगळी भाऊबंदकी जमली, आईला कुणी ये म्हटलं नाही. ती सुरतेत त्या खोलीत एकटी बसली आणि तिने दहाच्या दहा दिवस सुतक पाळलं. दारावर कुणी आलं नाही. कोण येणार? गल्लीतल्या बायकांना वाटलं असेल, हिचं हे कितवं.

बायका फार कठोर असतात असं मी म्हणणार नाही. जिवंत माणसावर रडणारी बाई — आमच्यात याच्यापलीकडे अपशकुन नाही. आणि जिच्यासाठी आपण खऱ्या डोळ्यांनी रडलो, रोज भाकरी थापून नेली, तिने आपल्याला असं बनवावं? काकूंच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. त्या नळावर आईकडे पाठ करून उभ्या राहायच्या. श्रावणात कानबाई बसायची तेव्हा आई जायची, पण मागे बसायची, आणि गायची नाही. एकदा घरात भांडी घासताना ती तेच गाणं गुणगुणत होती. एक ओळ म्हणून थांबली, मागून कुणी सावरेल अशा बेताने. मग उरलेली भांडी तिने मुकाट्याने घासली. मी पुस्तक उघडून समोर बसलो होतो.

तिने मला कधी काही म्हटलं नाही. त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझा डबा नेहमीसारखा भरला, नेहमीसारखी ओरडली की उशीर होतोय. मी वाट बघत होतो, कधीतरी रागाच्या भरात तोंडावर फेकेल. माझं लग्न झालं, मुलगी झाली. तिच्या शाळेत कराटे सुरू झालं तेव्हा आईनेच बायकोला सांगितलं, घाल तिला, अंगात धीर येतो. मी तिथेच होतो. तेव्हाही तिने माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या किडन्यांनी दगा दिला. दवाखान्यात मी रोज तिच्याजवळ बसायचो, आणि रोज ठरवायचो. काकूंना इथे बोलवावं, वडिलांना समोर बसवावं, सांगून टाकावं. ती जिवंत असेपर्यंत त्याला काही अर्थ होता. कामरेज सुरतेपासून काही लांब नाही, सर आणि काकू आता तिकडे मुलाकडे राहतात. एका फोनचं काम होतं. एकदा मी सुरुवातही केली, आई, तेव्हा जे झालं ना — तिने डोळे उघडून बघितलं आणि थांबली. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे. ती तसं म्हणाली नाही. ती ऐकायला थांबली होती. मी विचारलं, पाणी देऊ का? ती म्हणाली, दे.

ती गेली. खरं सुतक आलं. पाचव्या का सहाव्या दिवशी संगीताकाकू दारावर आल्या, मुलाच्या गाडीवरून, काठी टेकत. सरांना गुडघ्यांमुळे येता आलं नव्हतं. काकू गल्लीच्या तोंडापासून रडत आल्या नाहीत. आत येऊन आईच्या फोटोसमोर बसल्या. मग फोटोशीच बोलल्या, "कमल, मी तुले माफ करं."

वडिलांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, बाई सोन्यासारखी होती रे, आयुष्यात एकच चूक केली तिने. त्या माझ्याकडे बघत होत्या. खोलीत आम्ही घरचेच होतो. माझी बायको होती, मुलगी होती. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, इतकी वर्षं घोकलेलं.

मी म्हणालो, तुमचं मन मोठं आहे, काकू.

त्या गेल्यावर वडील म्हणाले, बरं झालं, तुझ्या आईचं ओझं उतरलं. मी हो म्हणालो.